स्वस्तातला डोळा

नालोंगोच्या अंगणातल्या त्या कॅमेऱ्याचं नुसतं नाव निघालं तरी मला मळमळतं. यंत्राचा काय दोष, असं आमचे पाद्री म्हणतात. म्हणोत बापडे. ते यंत्र निवडणाऱ्यांना मी जन्मापासून ओळखते, त्यांची शेंबडी नाकं याच पदराने पुसली आहेत, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

नालोंगो माझी थोरली जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, आता एकाच केळीबागेत शेजारी शेजारी पुरलेले. दोन घरांच्या मधे एक कुंपण, कुंपणाला एक भगदाड, आणि त्या भगदाडातून माझी दिवसभर ये-जा. तिचं खरं नाव मलासुद्धा आठवावं लागतं. जुळ्यांना जन्म दिला त्या दिवसापासून ती नालोंगो झाली आणि बाजारापासून चर्चपर्यंत नालोंगोच राहिली. आधी बाहेर आला तो वास्वा, मागून आला तो काटो, आणि जुळ्यांच्या पाठीवर झाली ती किझ्झा. ही नावं आमच्याकडे कुणी ठेवत नाही, ती पोराच्या आधीच येऊन बसलेली असतात. वास्वा कंपालात जमिनीची दलाली करतो. काटो दुबईला एका मॉलमध्ये पहारेकरी आहे. किझ्झाही कंपालातच, नवऱ्याच्या घरी. तिचा नवरा सेम्वांगा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे.

नालोंगो चटया विणते. थोडी कॉफी आहे, दोन डुकरं आहेत, पण तिला ओळखतात ते चटयांवरून. माडाची पानं स्वतः कापून आणायची, वाळवायची, जांभळ्या आणि हिरव्या रंगात उकळायची, आणि मग पायरीवर बसून बोटं अशी चालवायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला त्यात काही कष्टच नाहीत. आमच्या मसाक्याची नवरी सासरी निघाली की तिच्या सामानात नालोंगोची चटई असावी, अशी आयांची धडपड असते. रागावली तरी ती विणते, रडली तरी विणते. नवऱ्याला पुरून आल्यावर चार दिवस बोलली नाही, नुसती विणत होती.

आता पुढचं सगळं ज्याच्यावर उभं आहे ते सांगते. आमच्यात सासूने जावयासमोर यायचं नाही आणि जावयाने सासूकडे बघायचं नाही. एका खोलीत बसायचं नाही, हातात हात द्यायचा नाही. हा पडदा मोडला तर अंगाला कंप सुटतो, हात थरथरायला लागतात. त्याला ओबुको म्हणतात. शहरातली पोरं यावर हसतात. हल्ली लग्नात सासू-जावई खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतात, तेही मी या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मान फिरवली आहे. नालोंगो यात कधी हसली नाही. तिच्या मावशीचे हात असेच थरथरायचे, चमचा तोंडापर्यंत पोचायचा नाही, सगळी पेज गळ्यावर. म्हातारी आपल्याच हातांकडे बघून रडायची. ते नालोंगोने लहानपणी पाहिलं होतं. विणणाऱ्या बाईचे हात गेले तर तिच्याजवळ उरतं काय?

म्हणून इतक्या वर्षांत तिने जावयाचा चेहरा पाहिला नव्हता. लग्नाच्या फोटोत तो आहे, तर फोटो हातात घेताना ती त्याच्या तोंडावर अंगठा ठेवायची. आणि सेम्वांगाही गुणाचा. फणसाच्या झाडापाशी आला की मोठ्याने खाकरायचा. नालोंगो आतल्या खोलीत जायची, तो बाहेरच्या खोलीत भिंतीकडे पाठ करून बसायचा, आणि भिंतीतून दोघांच्या गप्पा चालायच्या.

"आई, पायरीला शेवाळ आलंय. जपून उतरत जा."

"हो हो. जावईबापू, तुमचा खोकला काही जात नाही. आलं उकळून घेता का नुसतं हो हो म्हणता?"

"घेतो ना."

"खोटं बोलताय. आल्याने असा खोकला राहत नाही."

मग दोघं हसायची, ती भिंतीच्या या बाजूला, तो त्या बाजूला. पोटच्या पोरांशी ती इतकं कधी बोलायची नाही, कारण पोरांना वेळ नसायचा.

तर झालं असं, की हंगामात कोठीचं कुलूप तोडून कुणीतरी तिची वाळवलेली कॉफी नेली. सगळी पोती. नालोंगो म्हणाली, एक कुत्रा आणू, दाराला चांगला अडसर घालू, आणि हंगामापुरतं पलीकडच्या म्हाताऱ्या किगोझीला ओसरीवर झोपायला बोलावू, तो तसाही कुठे झोपतो. एवढं ऐकून पुढच्याच रविवारी वास्वा गाडी घेऊन आला. त्याआधी एकदा आई आजारी पडली तेव्हा गाडीला पेट्रोल नव्हतं बरं का.

नालोंगोने कोंबडी कापली. ओसरीवर चटई अंथरली. वास्वाने फोन चहाच्या थर्मासला टेकवून उभा केला आणि त्यात दुबईहून काटोचं तोंड आलं. किझ्झा माझ्या शेजारी. सेम्वांगा बाहेर फणसाखाली, त्याचं ताट तिकडे गेलं होतं.

"कुत्र्याला रोज खायला लागतं, आई," वास्वा कच्च्या केळ्यांच्या मटोक्याचा गोळा शेंगदाण्याच्या रश्श्यात बुडवत म्हणाला. "किगोझीला दर महिन्याला द्यावं लागेल. कॅमेऱ्याला एकदाच. मी दुकानात जाऊन आलोय. दोन प्रकार आहेत. एकात चार कॅमेरे येतात आणि सगळं साठवायला एक डबा. दुसऱ्यात एकच कॅमेरा, पण मान फिरवतो. जे हलेल त्याच्या मागे स्वतःच वळतो. आत सिमकार्ड, वर सोलर. विजेची भानगड नाही."

फोनमधला काटो एकदम जाणकार झाला. त्याचा तो रोजचाच धंदा. "चारवाला घे. मान फिरवणारा फसवतो, दादा. तो एकीकडे बघत असला की दुसरीकडे चोर जेवून जातो. आणि चारवाल्यात न्हाणीचा भाग काळा करून टाकता येतो. आमच्या मॉलमध्ये कपडे बदलायच्या खोल्यांपाशी तसंच करतात. आईची न्हाणी उघडी आहे ना."

शहाणं पोर, असं मी मनात म्हटलं. देवा, माझे शब्द परत घे.

वास्वाने किंमत सांगितली. काटोचा चेहरा असा थांबला की मला वाटलं, फोनच बंद पडला.

"चौघांत वाटायची?" काटोने विचारलं.

"तिघांत. आईकडून काय घ्यायचं?"

"मग तसं पाहिलं तर," काटो म्हणाला, "एकानेही काम भागतं. अंगण काय एवढं मोठं आहे?"

झालं. न्हाणी गेली केळीच्या पानात गुंडाळून. पुढे बराच वेळ त्या एका कॅमेऱ्यावरूनही घासाघीस चालली. साठवायचं कार्ड मोठं की छोटं? छोटं. सिममध्ये महिन्याचे पैसे कोण भरणार? सगळ्यांच्या नजरा आढ्याला. काटो म्हणे डॉलर उतरला. किझ्झा म्हणे माझा हात तंग आहे. वास्वा म्हणे माझं बांधकाम चालू आहे. बांधकाम तर चालू होतंच. फाटकावर दोन सिंह बसवले होते त्याने, फोटो दाखवला होता आम्हाला, सिमेंटचे, जिभा बाहेर काढलेले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण ही पोरं आईचे दात कोरायला बसली होती आणि मधेमधे तिच्याच कोंबडीचे तुकडे उचलत होती.

शेवटी किझ्झा म्हणाली, "माझा वाटा यांच्याकडून घे." म्हणजे नवऱ्याकडून. वास्वाने मान हलवली. नालोंगो तेव्हा आत पाणी आणायला गेली होती.

बाहेर येऊन तिने एकच प्रश्न विचारला. "आणि त्यात बघणार कोण?"

"आम्हीच की, आई. मी, काटो, किझ्झा. तुझी पोरं," वास्वा म्हणाला.

सेम्वांगाचं नाव त्याने घेतलं नाही. ज्याने पैसे भरले त्याच्या फोनवर ते दिसणार, असं दुकानदाराने सांगितलेलं होतं, आणि सिमचे पैसे सेम्वांगाच्या गळ्यात मारायचं वास्वाने मनात ठरवलेलं होतं. पण नाव घेतलं असतं तर आईने तिथल्या तिथे नको म्हटलं असतं. हे तो जाणून होता. मला नंतर कळलं.

बसवायला एक माणूस आला. बरा होता बिचारा. सगळं अंगण फिरून तो म्हणाला, "फणसाच्या झाडावर बसवू. तिथून फाटकही दिसेल, कोठीही दिसेल, घराच्या मागचं काही दिसणार नाही. फक्त छपरावरच्या सोलरपासून तिथवर डब्यात आलेली वायर पुरत नाही, थोडी जास्तीची घ्यावी लागेल." नालोंगोने वास्वाला फोन लावून त्या माणसाच्या हातात दिला. त्याने दोनदा समजावून सांगितलं. वास्वाचा आवाज फोनमधून माझ्यापर्यंत येत होता: "डब्यात आहे तेवढ्यात बसव. नाहीतर राहू दे, मी दुसरा माणूस बघतो." त्या माणसाने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि वायर पोचली तिथे, म्हणजे घराच्या मागच्या कोपऱ्यावर, छपराखाली तो डोळा ठोकला.

आमच्या न्हाण्या म्हणजे काय, बोरूच्या तट्ट्या चार बाजूंनी, वर आभाळ. माणसाच्या उंचीला आडोसा पुरतो. छपराच्या उंचीला पुरत नाही. आम्हा दोघींच्या डोक्यात ते आलंच नाही, कारण आम्हाला वाटलं तो कोठीकडे बघतोय. दुसऱ्या गावाला बसलेल्या माणसाच्या फोनात काय दिसतं, ते इथे उभं राहून कसं कळावं?

मग सुरू झाले फोन. ज्या वास्वाला सणासुदीला आठवण करून द्यावी लागायची, त्याचे आता सकाळ-संध्याकाळ फोन. "आई, डुकरांचं दार उघडं राहिलंय." "आई, चुलीपाशी लाकडं किती जाळतेस!" "आई, ती निळ्या गोमेसीच्या झग्यातली बाई कोण आली होती? काय मागत होती?" एकदा तर माझ्यावरच आलं.

"काकू, काल तुम्ही केळीचा घड घेऊन गेलात तो कुणाचा?"

"तुझ्या बापाने लावलेल्या केळीचा, तुझ्या आईने दिलेला," मी म्हटलं. "पोलिसात देणार आहेस का मला? थांब, दुसरी गोमेसी नेसते, फोटो चांगला यायला हवा."

तो हसला. लाज कोळून प्यायलेली माणसं अशीच हसतात.

आणि मग नालोंगोला ताप भरला. हिवताप, दात वाजवणारा. अंथरुणातून उठता येईना. मी पेज घालत होते, अंग पुसत होते, दवाखान्यातून गोळ्या आणत होते. तेवढे दिवस अंगणात नालोंगो दिसली नाही, चूल पेटली नाही, चटईवर कुणी बसलं नाही. त्या डोळ्याने हे सगळं कंपालाला दाखवलं, दुबईला दाखवलं. फोन आला का? नाही. हलणारं काही नव्हतं ना, मग बघायचं काय! मला त्या दिवसांत पहिल्यांदा शिसारी आली. नालोंगो म्हणाली, "कामात असतील गं." आई ती. तिने असं म्हणायचंच.

ईस्टरला किझ्झा आणि सेम्वांगा आली. म्हणजे किझ्झा आली. सेम्वांगा फाटकाबाहेर रस्त्यावरच उभा राहिला, पाठ करून. खाकरला नाही, आत आला नाही. नालोंगोने त्याच्यासाठी केळीच्या पानात कोंबडी वाफवली होती, लुवोंबो, पहाटेपासून त्याच्यामागे होती. मी ताट घेऊन गेले तर म्हणाला, "काकू, भूक नाही." माझ्याकडेसुद्धा बघेना. पोराचा रंग उतरलेला. आमच्याकडे जावई सासूचं ताट परत पाठवत नाही, अगदी पोट फुटलं तरी नाही.

नालोंगो त्या पानाकडे बघत बसली. "मीठ जास्त झालं का गं, नामुद्दू?"

"मीठ बरोबर आहे. त्याचं डोकं बिघडलंय."

"माझ्याकडून काही चुकलं असेल. आजारपणात त्याने निरोप पाठवला असेल आणि मी उत्तर दिलं नसेल." ती दिवसभर हेच उगाळत राहिली. पहिल्यांदा मी तिला विणीतला रंग चुकताना पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी किझ्झा एकटी आली. मोटरसायकलवरून उतरली, हातात कागदात बांधलेली घडी. आम्ही दोघी पायरीवर होतो.

"हे घे, आई. यांनी दिलंय. आईला दे आणि गप्प बस म्हणाले. काय नखरे एकेक!"

नालोंगोने कागद सोडला. आत झाडाची साल कुटून केलेलं कापड होतं. नवं कोरं, तांबूस, अजून झाडाचा वास येत होता त्याला.

"कुणी मेलंय का?" किझ्झा म्हणाली. "मेलेल्याला गुंडाळायचं कापड जिवंत माणसाला कोण देतं? मी म्हटलं, द्यायचंच तर चांगली गोमेसी घ्या, तर अंगावर ओरडले."

पोरगी कंपालाची झालेली, तिला माहीत नव्हतं. मला मात्र माहीत होतं, आणि नालोंगोच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना. जावयाच्या नजरेला चुकून सासूचं उघडं अंग पडलं, तर त्याने तिला सालीचं नवं कापड पाठवायचं. अंग झाकायला. वर एक शब्द बोलायचा नाही, बोलणार तरी कसा? कापड बघून सासूला काय ते समजतं.

"किझ्झा," नालोंगो अगदी हळू म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने मला कुठे पाहिलं?"

"कुठे म्हणजे? फोनवर."

"त्याच्या फोनवर मी कशी?"

आता किझ्झा चाचरली. मग तिने सगळं सांगितलं, आणि जितकं सांगत गेली तितकी माझ्या तळपायाची आग मस्तकात जात राहिली. सेम्वांगाने पैसे भरले म्हणून वास्वाने त्याच्या फोनवरही ते चालू करून दिलं. त्याने बघायचं म्हणून उघडलं, तर सकाळची वेळ, आणि तो मान फिरवणारा दीडशहाणा डोळा नालोंगोच्या मागे मागे थेट न्हाणीवर जाऊन थांबलेला. त्याने फोन फेकला. त्याच दिवशी ते सगळं फोनातून काढून टाकलं. वास्वाला जाऊन भेटला, पाया पडायचा बाकी राहिला, म्हणाला, तो कॅमेरा हलवा. वास्वा म्हणाला, वायर लागेल, माणूस परत बोलवावा लागेल, बघू.

"आणि तू?" मी विचारलं. "तुला दिसत नव्हतं?"

"दिसायचं ना, काकू. सगळ्यांनाच दिसायचं. काटोला पण. तो म्हणाला, पुढच्या पगाराला वायरीचे पैसे पाठवतो. आणि आपलीच तर आई आहे. आम्ही काय परके आहोत?"

जनाची नाही तर मनाची तरी! तीन तीन पोरं. रोज बघत होती. लाकडं किती जळतात ते बोलून दाखवायला तोंड होतं, आणि हे एक सांगायला नव्हतं, कारण ते सांगितलं असतं तर वायर घ्यावी लागली असती. मी उठले. कॉफीची टोपली घेतली, केळी उतरवायच्या काठीला अडकवली आणि त्या डोळ्यावर पालथी घातली. मी काठी खाली ठेवतेय तोच नालोंगोचा फोन वाजला.

"आई! अचानक काळं का दिसतंय? कुणी हात लावला का त्याला?" वास्वा.

तापात फणफणत होती तेव्हा नाही आला तो फोन. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाद्रींना कळलं तर मला प्रार्थनेला मागच्या बाकावर बसवतील.

त्या दिवसापासून नालोंगो अंघोळीला माझ्याकडे यायला लागली. टोपली घातली होती तरी. स्वतःच्या न्हाणीकडे ती मान वर करून बघेना. पंचा काखेत, खाली बघत, भगदाडातून यायची आणि तशीच जायची. घरधनीण बाई, पाहुण्यासारखी. आणि विणायला बसेना. पायरीवर बसून दोन्ही हात मांडीवर पसरून ठेवायची आणि बघत राहायची. थरथरतात का ते. मी म्हणायचे, "जाऊबाई, काही नाही झालेलं. बघा, स्थिर आहेत." ती म्हणायची, "आज आहेत." त्या पोरांना एकेकाला धरून त्या हातांसमोर बसवावं आणि दिवसभर उठू देऊ नये, असं मला वाटायचं.

रविवारी सभा भरली. वास्वा आला, किझ्झा आली, काटोला पुन्हा थर्मासला टेकवला. सेम्वांगा फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून. कोंबडी या वेळी कापली नव्हती. वास्वाने दोनदा चुलीकडे बघितलं.

नालोंगो आत होती. ती यायच्या आधीच यांचं सुरू झालं.

"मी म्हणतो, एवढं काय आभाळ कोसळलं?" वास्वा म्हणाला. "जुनी खुळं. सेम्वांगाने उगाच तमाशा केला. न्हाणीवर दोन पत्रे टाकले की विषय संपला."

"पत्रे चांगले," फोनमधून काटो. "दादा, तू टाकून घे."

"मी का? कॅमेरा मी आणला, गाडीचं पेट्रोल माझं. पत्रे तू दे."

"वायर तू वाचवलीस, पत्रे मी का देऊ? आणि दोन कशाला? एकात झाकतं. न्हाणी केवढी आहे, काकू?"

मला विचारतोय. आईची न्हाणी केवढी आहे, हे दुबईतून रोज बघणारा मला विचारतोय. मी तोंडावर पदर धरला.

"जुने पत्रे मिळतात," किझ्झा म्हणाली. "आमच्या गल्लीत एक भंगारवाला आहे."

तेवढ्यात नालोंगो बाहेर आली. गोमेसीवरून तिने ते सालीचं कापड अंगभर घेतलं होतं, खांद्यावर गाठ मारून, जुन्या बायका घेत तसं. ती चटईवर बसली, आणि आधी पोरांशी बोलली नाही. फाटकाच्या दिशेने तोंड न वळवता मोठ्याने म्हणाली, "जावईबापू, कापड पोचलं. मी ते घेतलंय. तुमच्या-माझ्यात काही किल्मिष उरलेलं नाही."

रस्त्यावरून एक खाकरण्याचा आवाज आला.

मग ती मुलांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, नालोंगोचा आवाज कधीच चढत नाही, त्याचीच मला भीती वाटते. "मला चौघांनी पाहिलं. तो बाहेर उभा आहे त्याने एकदा पाहिलं, तर त्याच्या घशाखाली माझ्या हातचा घास उतरला नाही. तुम्ही तिघांनी रोज पाहिलंत. तुमच्याकडून तीन कापडं यायची आहेत."

किझ्झाने मान खाली घातली. ती रडत होती, एवढं तिच्या बाजूने सांगते.

वास्वाने नाक चोळलं. थर्मासकडे बघितलं, आईच्या अंगावरच्या कापडाकडे बघितलं, त्याची कड दोन बोटांत धरून बघायला हात पुढे केला आणि मागे घेतला. जमिनीचा दलाल तो, त्याच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"सध्या केवढ्याला मिळतं हे?"

मी काठी शोधत होते. नालोंगोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. तिचा हात जड होता, गरम होता, आणि जरासुद्धा हलत नव्हता.

"राहू दे, वास्वा," ती म्हणाली. "आता नका आणू. मी मेल्यावर मला गुंडाळायला तुम्हाला एकदा आणावंच लागेल, तेव्हा आणा. मला काही दिसणार नाही. स्वस्तातलं आणलंत तरी चालेल."

थर्मासला टेकलेल्या फोनमधून काटोचा आवाज आला, "दादा, मधेच तुटलं. आई काय म्हणाली? किती म्हणाली?"